पी०४०१ आणि काळा धूर: जुन्या डिझेल गाडीच्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी २०१७ ची, सात आसनी, १,२४८ सीसीचे कॉमन रेल डिझेल इंजिन असलेली, टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारा भाग) यांसह. नोंदणीपत्रावर बीएस-४ हे प्रदूषणाचे मानक असल्यामुळे तिला ईजीआर (जळलेला वायू थोडा परत इंजिनात घेणारी यंत्रणा) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. नोंदी सुरू केल्या त्या दिवशी १,८६,४०० किलोमीटर झाले होते. रोजचा वापर साखळी ते डिचोली, म्हणजे एका वेळी जेमतेम आठ-नऊ किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने बेळगाव. पी०४०१ हा गाडीच्या संगणकाने दिलेला दोषाचा कोड आणि काळा धूर, याच तक्रारीत सापडलेल्या दुसऱ्या कोणाचे पैसे आणि दिवस वाचावेत म्हणून चुकांसकट सगळे लिहीत आहे.

६ ऑक्टोबर २०२४

केरी ओलांडून अंजुणे धरणाच्या वरच्या चढाला लागल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अचानक जड झाली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग ३५ च्या वर जाईना, आणि आरशात पाहिले तर मागचा स्कूटरवाला काळ्या धुरात दिसेनासा झाला होता. पुढच्या वळणावर चेक इंजिनचा दिवा लागला. जागा मिळताच गाडी कडेला घेतली, पाच मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू केली. ताकद थोडी परतली, पण दिवा तसाच राहिला. बेळगावचा बेत सोडून परत फिरलो.

८ ऑक्टोबर

डिचोलीतील एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०४०१ हा कोड मिळाला, म्हणजे ईजीआरमधून अपेक्षेपेक्षा कमी वायू जात आहे. तेथे इंधनाच्या टाकीत कार्बन काढणारे औषध ओतले, कोड पुसला आणि १,८०० रुपये घेतले. ६० किलोमीटरनंतर दिवा पुन्हा लागला. असे औषध इंधनाच्या वाटेने इंजेक्टरपर्यंत आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. ईजीआरचा झडपा (व्हॉल्व्ह) त्या वाटेवर नाहीच, त्यामुळे तो त्याने साफ होण्याचा प्रश्न येत नाही. हे मला पैसे दिल्यानंतर सुचले.

त्याच गॅरेजच्या मेस्त्रींनी दुसरा उपायही सांगितला. "सर, एक पत्रा कापून मध्ये घालतो, ईजीआरची कटकटच संपेल." मी नको म्हटले. या गाडीत नुसता पत्रा घातला तर प्रवाह शून्य होऊन तोच पी०४०१ पुन्हा येणार आणि तो लपवण्यासाठी संगणकाचा प्रोग्राम बदलावा लागणार, हे एक कारण. उत्पादकाने दिलेल्या रचनेत असा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हे दुसरे. तिसरे कारण मात्र माझ्यासाठी सर्वांत मोठे होते. ईजीआर जळलेला वायू थोडा परत आत घेऊन ज्वलनाचे तापमान उतरवतो आणि त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. ही गाडी रोज सकाळी माझ्याच अंगणात सुरू होते, आणि आईच्या खोलीची खिडकी सायलेन्सरपासून चार हातांवर आहे. आईला दमा आहे.

संध्याकाळी १,१०० रुपयांना ब्लूटूथचा छोटा ओबीडी ॲडॉप्टर, म्हणजे गाडीच्या संगणकातले कोड आणि आकडे फोनवर दाखवणारा, घेतला. या सगळ्या खर्चात सर्वांत उपयोगी ठरलेली वस्तू हीच.

१३ ऑक्टोबर

आदल्या दिवशी दसरा होता. बॉनेटवरचा झेंडूचा हार उतरवून कामाला लागलो. ईजीआरचा झडपा काढायला दीड तास लागला. आतली दांडी आणि तिचे बसायचे तोंड ओल्या डांबरासारख्या काजळीने भरलेले होते. मला वाटले, रोग सापडला. येथे माझी पहिली मोठी चूक झाली: घाईत मी पूर्ण झडपा, मोटर आणि कनेक्टर असलेल्या भागासकट, कार्ब्युरेटर क्लीनरने भिजवला आणि मोटरचा भाग खाली करून अर्धा तास तसाच उभा ठेवला. काजळी विरघळली आणि ते पाणी सरळ मोटरच्या पोटात उतरले.

हा झडपा नेहमी मोटरचा भाग वर धरून साफ करावा, द्रावण थेट फवारण्याऐवजी कापडाला किंवा ब्रशला लावून वापरावे, आणि दांडी जबरदस्तीने ढकलू नये.

१६ ऑक्टोबर

पी०४०३, म्हणजे ईजीआरच्या विद्युत मंडळातील दोष. जो दोष मुळात नव्हता तो मी स्वतः निर्माण केला होता. म्हापशाहून नवा झडपा आणला: ९,२०० रुपये. बसवला, कोड पुसले, गाडी छान चालली. येथेच नोंदी संपणार असे त्या रात्री वाटले होते.

२७ ऑक्टोबर

अकरा दिवसांनी पी०४०१ परत आला, आणि तोही नव्या कोऱ्या झडप्यासह. आता मात्र सुटे भाग बदलणे थांबवले आणि आकडे बघायला बसलो.

ईजीआर काम करतो की नाही हे गाडीचा संगणक एका साध्या गोष्टीवरून ओळखतो. झडपा उघडला की इंजिनाच्या पोटात जळलेला वायू जागा अडवतो, म्हणून ताजी हवा कमी ओढली जाते आणि ती मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरचा आकडा पडतो. आकडा पडला नाही तर संगणक पी०४०१ लिहितो. झडपा उघडूनही पुढची वाट बुजलेली असेल तरी हाच कोड येणार, हे लक्षात घ्यायला मला तीन आठवडे आणि एक नवा झडपा लागला.

इंजिन चांगले तापल्यावर, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) मिनिटाला ८५० फेऱ्यांवर, झडपा बंद असताना आकडा होता सेकंदाला ८.२ ग्रॅम आणि उघडा असताना ७.८. पडायला हवा होता निदान अडीच-तीन ग्रॅमने.

मग कागदावर हिशेब केला. चार सिलिंडर मिळून १,२४८ सीसी, म्हणजे प्रत्येकी ०.३१२ लिटर. चार स्ट्रोकच्या इंजिनात ८५० फेऱ्यांना मिनिटाला १,७०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ वेळा हवा आत ओढली जाते. गोव्याच्या हवेत एका लिटरचे वजन साधारण १.१५ ग्रॅम धरले आणि सिलिंडर नव्वद टक्के भरतो असे मानले, तर झडपा बंद असताना सेन्सरने ९ च्या आसपास आकडा दाखवायला हवा. माझा सेन्सर ८.२ दाखवत होता, म्हणजे तोही कमी मोजत होता.

३ नोव्हेंबर

नरकासुराची रात्र आणि दिवाळी यांत दुकाने बंद, त्यामुळे आठवडा गेला. एअर फ्लो सेन्सर काढून पाहिला. आतल्या केसासारख्या पातळ पट्टीवर तांबूस लेप बसला होता. आमच्या भागातल्या खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे चालणाऱ्या गाडीत हे नवल नाही. एअर फिल्टर उघडला तर त्याची रबरी कड एका कोपऱ्यात दुमडून बसवलेली आढळली, म्हणजे धूळ फिल्टरला वळसा घालून आत शिरत होती. सेन्सरसाठीच मिळणारा स्प्रे ४५० रुपयांना आणला, लांबून दहा-बारा फवारे मारले, पट्टीला बोटही लावले नाही आणि तासभर सुकू दिले. आकडा ८.२ वरून ९.० वर आला. हिशेब जुळला याचा फार आनंद झाला.

येथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत कोणताही ज्वलनशील स्प्रे मारू नये. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत आलेले काहीही ते इंधन म्हणून जाळते आणि किल्ली बंद केली तरी इंजिन बेफाम फिरत राहू शकते.

दुपारी केरीपर्यंत फेरी मारली, आणि जे झाले त्याने मी चक्रावलो. गाडीला ताकद थोडी जास्त होती, पण धूर पूर्वीपेक्षा वाढला होता.

९ नोव्हेंबर

पीयूसीची मुदत ३० तारखेला संपणार होती, म्हणून धुराचा खरा आकडा कळावा या हेतूने केंद्रावर गेलो. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात आणि सायलेन्सरमध्ये घातलेल्या नळीतून धूर किती प्रकाश अडवतो ते मोजतात. बीएस-४ डिझेलसाठी मर्यादा १.६२ आहे; बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना २.४५ ची सवलत आहे. माझ्या गाडीचा आकडा आला १.९४. नापास.

काही तरी जुळवून कागद मिळेल, असे तेथे एकाने सुचवले. कागदाने माझ्या अंगणातला धूर कमी होणार नव्हता. मी तसाच परतलो.

रात्री बराच वेळ विचार केल्यावर धूर का वाढला ते उलगडले. संगणक डिझेल सोडताना एअर फ्लो सेन्सरने मोजलेल्या हवेवर मर्यादा घालतो: इतकी हवा आली, तर जास्तीत जास्त इतकेच डिझेल. सेन्सर घाण असताना तो हवा कमी मोजत होता, म्हणून डिझेलही कमी सुटत होते. तो साफ झाल्यावर पूर्ण डिझेल सुटू लागले, आणि तरीही धूर येतो याचा अर्थ मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत पोहोचत नव्हती. सेन्सर आणि सिलिंडर यांच्या मध्ये कोठे तरी ती निसटत होती. केरीच्या त्या फेरीत ॲडॉप्टरवर दाबाचा आकडा मी नोंदवला होता: चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर असताना १४८ किलोपास्कल, आणि हवेचा स्वतःचा दाब वजा केला तर टर्बोची भर अर्ध्या बारपेक्षाही (५० किलोपास्कलपेक्षाही) कमी. कमी बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या कमी दाबाचा, कोड मात्र एकदाही आला नव्हता. कोड नाही म्हणून दोष नाही, असे धरून चालू नये.

१० नोव्हेंबर

हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाच्या मापाचे पीव्हीसीचे बूच आणले, त्याला छिद्र पाडून ट्यूबलेस टायरचा वाल्व बसवला. ब्रीदरची नळी (इंजिनातली तेलकट वाफ हवेच्या वाटेत नेणारी) जेथे जुळते त्याच्या पुढे, थेट टर्बोच्या तोंडावर, हे बूच क्लॅम्पने आवळले. तेल भरायचे झाकण उघडे ठेवले, कारण इंजिनाच्या उघड्या वाल्वमधून थोडी हवा क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भागात) उतरते आणि तिला बाहेर जायला वाट हवी. मग टायरमध्ये हवा भरायच्या पंपाने हळूहळू १२ पीएसआयपर्यंत दाब चढवला. याहून जास्त दाब देऊ नये.

५ पीएसआयपर्यंत काही नाही. ८ च्या पुढे गाडीखालून सापासारखा फुसकारा ऐकू आला. आडवा होऊन साबणाचे पाणी लावत गेलो. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या अगदी काठाला, मुठीएवढा फेस फुलला.

नळी काढून हातात घेतली तेव्हा वरून ती निर्दोष दिसत होती. अंगठ्याने आतून दाबल्यावर दोन इंचांची चीर ओठांसारखी उघडली आणि अंगठा काढताच बंद झाली. रबर तेलाने फुगून मऊ पडले होते. इंजिन शांत असताना चीर मिटलेली, आणि चढावर टर्बोने दाब दिला की ती उघडणार. म्हणूनच गॅरेजमध्ये उभ्या गाडीत ती कोणालाही दिसली नाही. इंटरकूलरच्या तळातून वाटीभर काळे तेल निघाले. ते पूर्ण निथळून घेतले, कारण तसेच राहिले असते तर वर सांगितल्याप्रमाणे इंजिनाने तेच इंधन म्हणून ओढले असते.

नळी आणि दोन नवे क्लॅम्प: २,३३० रुपये.

आता साखळी जुळली. नळी फाटली म्हणून हवा कमी पडली, हवा कमी म्हणून काजळी वाढली, ती काजळी ईजीआरच्या वाटेने परत येऊन तेलकट इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरांना वाटून देणाऱ्या भागात) चिकटली, वाट बुजली आणि संगणकाने पी०४०१ लिहिला. कोडने ज्या भागाचे नाव घेतले तो या सगळ्यात मार खाणारा होता.

१६ ते २० नोव्हेंबर

नळी बदलून धूर थांबला तरी बुजलेली वाट आपोआप मोकळी होणार नव्हती, म्हणून इनटेक मॅनिफोल्ड काढायचे ठरवले. शनिवारी सकाळी सुरुवात केली आणि अकरा वाजता ईजीआर कूलरच्या बाजूचा एक बोल्ट मुंडके तुटून हातात आला. गोव्याच्या दमट हवेत सात पावसाळे काढलेला बोल्ट. त्याला आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावून ठेवणे आणि इंजिन कोमट असताना सोडवणे एवढी काळजी मी घेतली असती तर बरे झाले असते. लेथवाल्याकडून उरलेला तुकडा काढून घेण्यात ६०० रुपये आणि तीन दिवस गेले. तीन दिवस बसने शाळेत गेलो.

मॅनिफोल्डचे तोंड पाहून मन खरोखर खिन्न झाले. जेथे माझी दोन बोटे सहज जायला हवीत तेथे करंगळी अडकत होती. भिंतीवर जवळजवळ सेंटिमीटरभर जाडीचा, वरून सुका आणि आत चिकट असा थर होता. कॉस्टिक सोड्यात बुडवण्याचा सल्ला मिळाला होता, पण तो ॲल्युमिनियम खातो, म्हणून तो मार्ग घेतला नाही. रात्रभर डिझेलमध्ये भिजवून सकाळी लाकडी पट्टीने खरवडले आणि वाकड्या वाटांसाठी माडाच्या केरसुणीचे हीर जुडी करून वापरले. हीर वाकतो, मोडत नाही आणि धातूला ओरखडा पाडत नाही. तारेच्या ब्रशपेक्षा तो मला कितीतरी सरस वाटला. निघालेली काजळी वर्तमानपत्रावर सुकवून वजन केले: ३१० ग्रॅम. हे काम तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालूनच करावे. काजळी फुप्फुसाला आणि कातडीला दोहोंना वाईट.

एवढे तेल आले कोठून, हेही पाहिले. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते. मागच्या सर्व्हिसला जास्त भरले गेले होते आणि मी तपासले नव्हते. जादा तेल क्रँककेसमध्ये घुसळून ब्रीदरमधून वाफेसारखे हवेच्या वाटेत जाते, आणि कोरडी काजळी चिकट होते ती याच तेलामुळे. ब्रीदरची नळी धुतली, तेल आणि फिल्टर बदलले: ३,४०० रुपये. तेल या वेळी मी स्वतः मोजून, दोन खुणांच्या मध्ये थोडे वर इतकेच भरले.

२४ नोव्हेंबर

नवी गॅस्केटे (१,२४० रुपये) पणजीहून आली. जुने गॅस्केट पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा, कारण तेथून थोडी जरी हवा गळली तरी सगळे आकडे पुन्हा चुकतात. जुळणी चार तासांत झाली. नव्या झडप्याची बंद अवस्था संगणकाला शिकवण्यासाठी स्कॅनर असलेल्या मेस्त्रींना ५०० रुपये दिले. हे काम खरे तर झडपा बदलला त्याच दिवशी करायला हवे होते.

आयडलचे आकडे: झडपा बंद असताना ९.१, उघडा असताना ६.२. जवळजवळ तीन ग्रॅमची घट. तो आकडा पडताना फोनच्या पडद्यावर पाहणे, हा या दीड-दोन महिन्यांतला सर्वांत समाधानाचा क्षण होता.

३० नोव्हेंबर

सकाळी मुद्दाम पंचवीस किलोमीटर गाडी चालवून इंजिन पूर्ण तापवले आणि मगच पीयूसीला गेलो. थंड इंजिनाचा आकडा उगीच वाढून येतो. आकडा ०.७४. प्रमाणपत्र एक वर्षाचे मिळाले. परतताना चोर्ल्याचा पहिला टप्पा चढून दाब पाहिला: २०५ किलोपास्कल, आधीच्या १४८ च्या जागी.

एकूण खर्च २०,६२० रुपये. त्यातले ११,६०० रुपये, म्हणजे टाकीतले औषध, मी बिघडवलेला झडपा आणि तुटलेला बोल्ट, माझ्या घाईचे आहेत. मला पुन्हा हेच काम करायचे झाले तर पहिल्या दिवशी दाबाची चाचणी करीन, दुसऱ्या दिवशी एअर फ्लो सेन्सर पाहीन आणि ईजीआरला हात सर्वांत शेवटी लावीन. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या असलेल्यांनी तर नळीची तपासणी आणखी लवकर करावी, कारण त्यांच्याकडे हीच जादा काजळी डीपीएफमध्ये जाऊन साचते आणि तो भाग फार महाग आहे.

२२ डिसेंबर

१,१५० किलोमीटर झाले, त्यात बेळगावच्या दोन फेऱ्या. कोड नाही, प्रलंबित कोडही नाही. डिपस्टिक जागेवर आहे. नव्या नळीचे क्लॅम्प गरम-थंड होऊन थोडे सैल पडले होते. प्रत्येकी पाव फेरा आवळले. रोजच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, म्हणून आता रविवारी साखळीहून पणजीपर्यंत एक फेरी न चुकता करतो. आईच्या खिडकीची पांढरी जाळी मी २४ नोव्हेंबरला धुऊन लावली होती. आज ती काढून उजेडात धरली, अजून पांढरी आहे.